विंगेतून

संस्थेचा इतिहास लिहून द्या म्हणाले,
पन्नास वर्षं झालीत, पुस्तिका छापायचीय.
माझ्याकडे इतिहास नाही.
संहितेची एक वही आहे, मासळीचा वास न गेलेली,
बाविसाव्या पानावर चहाचा गोल डाग.

तर लिहा.
स्केरीहेवन बंदर, बर्फाचा बंद पडलेला कारखाना,
बहात्तरचा फेब्रुवारी.
सेंगा मेअर दिवसभर हेरिंग चिरायची
आणि संध्याकाळी तेच हात धुऊन
आम्हा पोरांना उभं राहायला शिकवायची.
म्हणायची, पाठसुद्धा बोलते,
काय बोलायचं ते तिला आधी सांगून ठेवा.
पहिल्या प्रयोगाला अकरा माणसं, एक कुत्रा.
कुत्रा मध्यंतरात निघून गेला.
पडदा म्हणजे कुणाच्या तरी होडीचं शीड,
ओढलं की त्यातून मीठ गळायचं.
मी सहा वर्षांची. पाचवी सील.

पुढे माझा आवाज तिसऱ्या रांगेपर्यंत पोचेना.
सेंगानं वही हातात दिली.
"कुजबुज चांगली आहे तुझी," म्हणाली,
आणि मी विंगेत गेले, ती गेलेच.

नाटक दर फेब्रुवारीत तेच, तिनं लिहिलेलं.
वादळात दीपगृह अंधारतं, गलबत फुटतं,
आणि राखणदाराचा मुलगा गावासमोर उभा राहतो.
त्याला एकच वाक्य:
दिवा मी विझवला नाही.

ऐंशी साली तो मुलगा होता इनेस काउवी.
सोळा वर्षांचा. कान लाल, बूट बापाचे.
तो पुढे आला, म्हणाला,
"दिवा मी विझवला"
आणि थांबला.

भरलेलं सभागृह. समोरच्या रांगेत त्याचा बाप.
कुणीतरी हसलं, मग सगळेच.
शेवटचा शब्द येईना, येईना,
आणि तो उलट्या पावली बर्फाच्या दारातून बाहेर गेला,
सकाळच्या ट्रॉलरवर चढला,
नॉर्वेत राहिला म्हणतात.

पुढच्या वर्षी पोरांनी गंमत म्हणून
त्याच जागी थांबा घेतला.
त्याच्या पुढच्या वर्षीही.
मग गंमत विरली, थांबा उरला.
कारखाना पाडला, आम्ही चर्चच्या तळघरात गेलो,
तिथून शाळेच्या व्यायामशाळेत, दोरखंडांखाली.
होड्या विकल्या गेल्या. एका साली पोरं चारच,
सीलच्या जागी खुर्च्या मांडल्या.
सेंगा गेली, तिच्या दहनाला आम्ही शीड नेलं.
तो थांबा मात्र कुणी काढला नाही.
नवे दिग्दर्शक त्याला फार खोल म्हणतात.

पुस्तिकेत हे घालू नका,
पण त्या रात्री शब्द द्यायचं काम माझं होतं.
चौदा वर्षांची मी वहीकडे बघतच नव्हते.
त्याच्या कानांकडे बघत होते.
पान सापडेपर्यंत दार वाजलं होतं.

यंदा राखणदाराचा मुलगा नाही, मुलगी:
झानेते, आईबाप लाटव्हियाचे, मासळीच्या कारखान्यात.
प्रयोगाला तिसऱ्या रांगेत एक म्हातारा,
टोपी मांडीवर. कान तेवढे लाल.
झानेते पुढे आली.
"दिवा मी विझवला"
आणि सवयीचा थांबा.
लोकांनी श्वास धरला, जसा दरवर्षी धरतात,
कशासाठी ते न कळता.

आणि मी विंगेतून, बेचाळीस वर्षं उशिरा,
तिसऱ्या रांगेला ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाले,
"नाही."

म्हातारा वाकून खुर्चीखाली काहीतरी शोधत होता.
टोपी पडली असेल.
दिवे लागले तेव्हा तो दाराशी गर्दीत होता, की नव्हता,
मला विंगेतून एवढंच दिसतं.

झानेते तरातरा आत आली, रंग तसाच तोंडावर.
"आमचा पॉज घालवलात तुम्ही.
उद्या नको हं."
मी वही उघडली, पेन्सिल घेतली,
त्या ओळीपुढे लिहिलं:
उद्या नको.