डावीकडून तिसरा

सांगलीत, अग्निशमन केंद्राच्या डोक्यावर
महापालिकेचं कलादालन आहे.
अकराव्या पायरीला महापुराची रेघ,
तिच्यावर आणखी सहा पायऱ्या चढलात की
कै. रामलिंग आप्पा तेलसंग,
फोटोत, चंदनाचा हार घालून.
शेजारी खुर्चीवर मी. रोजंदारीवर.

खाली बंबाचा भोंगा वाजला
की बघायला आलेली माणसं दचकतात.
मी नाही. मला भीती उन्हाची.
पुण्याहून तपासायला आलेल्या बाई सांगून गेल्यात:
या एका चित्रात मास्तरांनी
नळीतला पिवळा घेतलेला नाही,
खरी हळद घोटलीय तेलात.
ती टिकत नाही. उजेड तिला खातो.
खिडकी उघडायची नाही.

म्हणून ते चित्र अर्ध्या अंधारात असतं.
पाठीवर पोतं, मान पुढं,
आणि घामावर बसलेली हळद
खांद्यापासून कोपरापर्यंत ओघळलेली.
खाली पाटी: 'हमाल. १९७१.'

चैत्रात लगमव्वा आली, जत तालुक्यातून,
एसटीनं, नातवाला घेऊन.
चपला दारात काढल्या. नको म्हटलं तरी काढल्याच.
मास्तरांच्या फोटोला हात जोडले नाहीत.
सरळ तिसऱ्या चित्रापुढं गेली
आणि आधी पायाची बोटं मोजली.
"सहावं घेतलंय की," म्हणाली,
"मला वाटलं, मास्तर गाळत्याल."

मग बराच वेळ काही नाही.
नातू मोबाईलवर फोटो काढत राहिला.
मनाई आहे, हे मी सांगितलं नाही.

"यार्डातनं आला की न्हाणीतलं पाणी पिवळं व्हायचं.
मास्तर म्हणायचं, बिराप्पा, झटकू नगंस, तसाच ये.
सदऱ्यावरची खरवडून घ्यायचं कागदात.
पैसं न्हाई दिलं कवा. च्या द्यायचं, बशी भरून."
तिनं पाटीवरून हात फिरवला,
वाचता येत नसताना वाचल्यासारखा.
"ह्यात नाव कुठाय त्याचं?"

पाटी बदलायची तर ठराव लागतो,
ठरावाला अर्ज लागतो. तो मीच लिहिला.
अर्जदार: लगमव्वा बिराप्पा कोळेकर.
विषय: चित्रातील इसमाचे नाव पाटीवर लिहिणेबाबत.
तिनं अंगठा उठवला, निळा,
आणि उरलेली शाई केसांना पुसली.

पावसाळा गेला. दिवाळीच्या तोंडावर
अर्ज परत आला. त्रुटी एकच:
'सदर इसमाचा रहिवासी दाखला जोडावा.'

काल चार वाजता दालनात कोणी नव्हतं.
खिडकी बोटभर उघडली,
लिहायला दिसेल एवढीच.
राहणार: हेच दालन, उत्तरेची भिंत,
डावीकडून तिसरा.
केव्हापासून: तेलसंग मास्तरांनी आणल्यापासून.

'केव्हापर्यंत' असाही एक रकाना होता.
तो तसाच ठेवला
आणि खिडकी लावून घेतली.