पावती

निवडणूक लागली की बंदूक ठाण्यात जमा करायची.
ह्यांच्या मागं हे तिसरं इलेक्शन.
गारगोटीच्या ठाण्यात बाकावर बसून राहते मी,
मांडीवर आडवी एकनळी, बारा बोअरची,
कॅनव्हासच्या खोळीत.
शेजारी कुणाचंतरी बांधावरनं भांडण चाललेलं.

हवालदार पोरगा आहे, नातवाच्या वयाचा.
नळी कशी मोडायची, त्याला मीच दाखवते.
उजेडाकडं धरते : बघ, आत आरसा आहे.
शिवणयंत्राचं तेल, दोन थेंब, दर दिवाळीला.
दस्तगीर शिकलगारांनी सांगितलेलं,
पापाच्या तिकटीमागं त्यांच्या बोळात
दस्त्याला अक्रोड बसवताना :
"वहिनी, लोखंडाला खायला घालायचं नसतं,
नुसतं पुसायचं."

काडतुसं अजून लाल कागदाची, पितळी बुडाची.
पावसाळ्यात फुगायची, नळीत जायची नाहीत.
मग सुपात घालून उन्हात ठेवायची मी
सांडग्यांच्या शेजारी.
एकदा कोंबडी टोचायला आली होती.

आणि ही ह्यांची वही. मास्तरासारखं अक्षर.
तारीख, किती, कशावर.
'ससा, मठाच्या माळावर.'
'तितर दोन. एक सापडलं नाही.'
'ससा, फडात.'
तोड संपत आली की असंच व्हायचं,
चहूकडनं ऊस कमी होत जायचा
आणि आतला जीव आत आत सरकायचा
शेवटच्या दोन सऱ्या उरेपर्यंत.
तोडकरी कोयते थांबवायचे. कुत्रंसुद्धा गप.
मग एकदम तपकिरी काहीतरी,
कान पाठीला चिकटलेले.

रात्री ताटात वाजायचं : टिण्.
रश्श्यातला छर्रा जिभेनं शोधून
काठाशी काढून ठेवायचा. सासरे मोजायचे.
माझी डावी दाढ तशीच गेली,
लग्नाच्या दुसऱ्या वर्षी.

बहात्तरच्या कायद्यानंतर वहीत एकच शब्द.
'हवेत.' 'हवेत.' 'डुकरं हाकायला, हवेत.'
चुलीवर बोकड आलं. मसाला तोच.

पोरगं मागं जातं, एका ओळीवर बोट ठेवतं.
तारीख आहे, 'एक' आहे, पुढं कोरं.
"आजी, हे कशावर?"

त्या रात्री हे कोल्हापुरात, कोर्टाच्या तारखेला.
चांदणं असं की हरभऱ्याचे घाटे मोजावेत.
तो बांधाजवळ बसलेला, तोंड हलवत,
निवांत, आमच्याच रानात.
मी बंदूक कधी उडवली नव्हती,
पुसली मात्र शंभरदा.
कुठं काय आहे, बोटांना ठाऊक होतं.
परवाना माझ्या नावावर नव्हता.
माझ्या नावावर काहीच नव्हतं तेव्हा.

खांदा असा मागं गेला
की पाटाच्या चिखलात बसले.
ससा कुठल्याकुठं. जांभळाच्या खोडात छर्रे.
आणि तो वास.
मी हसले. एकटीच, चिखलात,
तोंडाला पदर न लावता.

आठ दिवस खांद्यावर वांग्याच्या रंगाचा डाग.
झंपरखाली झाकून फिरले.
पाणी शेंदताना कळ आली की बरं वाटायचं.

ह्यांनी आल्या आल्या नळी हुंगली.
माझ्याकडं बघितलं. वही काढली.
तारीख घातली, 'एक' घातलं,
पेन धरून बराच वेळ बसले
आणि वही मिटली.
पुढं पंचेचाळीस वर्षांत
ना त्यांनी विचारलं, ना मी सांगितलं.

"हवेत," मी म्हणते.
फार खोटं नाही ते.
पोरगं लिहितं. पेन उमटत नाही, गिरवतं.
'हवेत' जरा जाडच होतं त्यामुळं,
ह्यांच्या बारीक अक्षराशेजारी.

पावती बटव्यात. येतो म्हणून उठते.
गाडीत रिकामी खोळ
मांडीवर आडवीच धरलेली आहे, हे मागाहून कळतं.
कंडक्टर विचारतो, "मावशी, काय हाय ह्यात?"
"काय न्हाई."
जीभ आपसूक
दाढेच्या खड्ड्यात जाऊन बसते.