कारणाचा रकाना

किनमाँट कॉलेजच्या जेवणघरात
भिंतीवर काळ्या लाकडाची पाटी आहे.
सोनेरी अक्षरांत वर्षावर्षाचे विद्यार्थी-अध्यक्ष,
बेचाळीस आणि त्रेचाळीसपुढे नुसती रेघ.
पाहुणे आले की वॉर्डनबाई तिथे थांबतात,
पाहुणेही थांबतात, माना मागे टाकून,
सूप निवेपर्यंत.

पण मला विचाराल तर कॉलेज त्या पाटीवर राहत नाही.
ते राहतं खाली, पोर्टरच्या खोलीत,
हीटरशेजारच्या फळीवर, एका वहीत,
जिचा पुठ्ठा कधीकाळी हिरवा होता.
बाहेर अडकलेल्यांची वही.
किल्ली विसरून रात्री अकरानंतर जो परतेल
त्याने घंटी वाजवायची, लिहायचं नाव, खोली, वेळ
आणि शेवटच्या रकान्यात कारण.

डनीडनची थंडी जुलैत हाडांत उतरते.
अशा वेळी माणसं खरं लिहितात;
खोटं रचायला बोटं ऊबदार असावी लागतात.

किल्ली दुसऱ्या पँटमध्ये.
किल्ली याच पँटमध्ये होती, पँट भलत्याची.
अंधारात समुद्र कसा ऐकू येतो ते बघायला गेलो होतो.
हरलो.
जिंकलो.
आईचा फोन होता, पायरीवर येऊन बोलत होते, दार मागून लागलं.
आणि एका मार्चमध्ये, बारीक तिरप्या अक्षरात:
आमच्या गावी कुणी कुलूपच लावत नाही.
त्या पोराचं नाव मी पाटीवर शोधलं.
नव्हतं.

टाविटा लेआउपेपे बावीस वर्षं रात्रपाळीला.
त्याच्याआधी म्हातारा एकल्स,
ज्याने कुणाला कधी एक शब्द विचारला नाही
आणि कुणाला रकाना कोरा सोडू दिला नाही.
टाविटा विचारतो. आधी हेच, की जेवलास का.
मग कोको, मग वही.
रविवारी तो चर्चमध्ये खालच्या पट्टीत गातो;
सोमवारी पहाटे जिना उतरताना
त्यातला थोडा आवाज अजून अंगावर उरलेला असतो.

यंदा कार्डं आली.
दाराला हिरवा ठिपका, दाराला लाल ठिपका.
समितीने ठराव केला, वही बंद.
दप्तरखान्याच्या मिस्टर ऑल्डरसनने ती चाळली
आणि पिवळी चिठ्ठी डकवली: ऐतिहासिक मूल्य नाही.
मला सांगितलं, आकडे तेवढे टाइप कर,
वर्षाला किती जण, साधारण किती वाजता.
कारणं नकोत.

टाइप करता करता शहाऐंशी सालात मी थबकले.
मॅक्विलन हेस्टर, खोली चौदा, दोन वाजून दहा.
मॅक्विलन हेस्टर, तीनला पाच कमी.
एका सत्रात अकरा वेळा,
आणि अकराही वेळा एकच कारण:
आत करमत नाही.

आमच्या वॉर्डनबाई!
ज्यांच्या सहीशिवाय इथे खुर्चीही हलत नाही.

मी कुणाला बोलले नाही. पुढची ओळ घेतली.

ऑगस्टात एका रात्री बंदराकडून असा वारा सुटला
की तारा तुटल्या. हिरवा नाही, लाल नाही,
सगळी दारं एकजात मुकी.
बाई म्हाताऱ्या कुत्र्याला फिरवून परतल्या,
घरातल्या सपातांत, हातात निरुपयोगी कार्ड.
टाविटाने टॉर्च दाताखाली धरून
पितळी किल्ली फिरवली. विचारलं, जेवलात का?
गॅसवर कोको ठेवला.
कुत्रा त्याच्या बुटांवर झोपला.
मग सवयीने, किंवा सवयीने नव्हेच,
त्याने ती वही पुढे सरकवली, पिवळ्या चिठ्ठीसकट.

त्याने सांगितलं मला,
बाईंनी मागची पानं उलटली नाहीत.
खोलीच्या जागी "वॉर्डनचं घर" लिहिलं, खोडलं,
नुसतं "घर" लिहिलं, तेही खोडलं.
पेन शेवटच्या रकान्यावर इतका वेळ थांबलं
की कोकोवर साय धरली.

सकाळी मी पाहिलं. एकच शब्द होता:
तेच.

चिठ्ठी कुणी काढली माहीत नाही.
मी माझ्या तक्त्यात ती रात्र भरली,
एक जण, साधारण दीड वाजता.