उरलेले सत्तावीस किलो

नऱ्ह्याला, हायवेच्या कडेला, फर्निचरच्या गोदामामागे
पायगुड्यांचं होड्यांचं दुकान आहे
हे लग्नाला नऊ वर्षं झाली तरी मला माहीत नव्हतं.
तू वाटेत कुणाला पत्ता विचारला नाहीस.

आत नव्या प्लास्टिकचा वास.
भिंतीला टेकून उभ्या कायाक, पिवळ्या, नारिंगी,
आणि एक लाल, अरुंद, सुरीसारखी.
तिच्या अंगावरून तू हात फिरवलास.
चपला बाहेर काढायच्या का, या विचारात होते मी,
तरी पाहिलं.

पायगुडे म्हणाले, नवखं कोण?
तू माझ्याकडे पाहिलंस. राहीनंही.
निहारनं तर बोटच दाखवलं.

अगदीच नवखी नाही हो.
सासवडला मामानं पाठीला डबा बांधून
विहिरीत ढकललं होतं एकदा.
डबा छान तरंगला.
मी त्याच्याखाली लटकून ओरडत होते.
हे सांगितलं नाही. म्हणाले, थोडं येतं पोहायला.

वजनं सांगा.
तू चौऱ्याहत्तर. राही अठरा. निहार तेरा.
माझ्यापाशी पेन थांबलं.
सासूबाईंना सांगते ते नाही, जिमच्या फॉर्मवरचंही नाही,
खरं सांगितलं: अडुसष्ट.
तुझ्या भुवया किंचित हलल्या. हलू देत.
पाण्याशी खोटं बोलून भागत नाही.

एकशे त्र्याहत्तर. होडी पेलणार दोनशे.
उरले सत्तावीस, पायगुडे म्हणाले,
आणि मी मनात भरायला लागले:
पाण्याचा कॅन, गूळपोळ्या, चार जोड कोरडे कपडे,
क्रोसिन, टोप्या,
राही जाईल तिथे नेते तो काळा दगड,
तू कॉलेजात शर्यती मारायचास तेव्हाचे
मला न सांगितलेले सगळे पहाटेचे तास.
बसतंय. अजून जागा आहे.

चौथा मजला, सायकल तिरकी घातली तरच लिफ्ट बंद होते,
म्हणून हवेची घ्या, माळ्यावर टाका, ते म्हणाले,
आणि पंप मारून एक रुंद, करडी, बेढब वस्तू
आमच्यासमोर फुगवली.
ही म्हैस आहे बाई. उलटत नाही. घाई करत नाही.
पोरं उठून नाचली तरी रवंथ करत बसेल.

बसून बघा.
मग आम्ही चौघं, शहाबादी फरशीवर, कोरडे,
बाहेर कात्रजकडे जाणारे ट्रक,
आणि निहार वल्ह्याऐवजी झाडू मारतोय हवेत.
नवखं पुढे, जाणतं मागे.
पुढून तू दिसत नाहीस मला.
नुसती एक भिंत, कॅलेंडर, पंखा.
मागे तू आहेस हे फक्त
होडी जराशी खचली त्यावरून कळलं.

ताल पुढच्यानं धरायचा, पायगुडे म्हणाले,
दिशा मागच्यानं.
म्हणजे मी हळू, तर हेही हळूच?
हो. ह्यांना कितीही येत असलं तरी.
मागून तू हसलास की श्वास सोडलास, कळलं नाही.

पैसे मोजताना म्हणाले, ती लाल खाली काढा जरा.
ती तुझ्यासाठी नाही गं, तू पटकन म्हणालास.
माहितीये.
बसले. ती फरशीवरसुद्धा कलली.
मी तळहात टेकला, तू कड धरलीस.
सोड.
सोडलीस, बोटं तेवढी ठेवून.
तेवढ्यात कळलं,
काय आवडत असेल तुला हिच्यात.

बांधू कुठली?
म्हैस, आम्ही दोघं म्हणालो,
आणि मुलं तिच्यातून उतरायला तयार नव्हती.
पानशेतचं मागचं पाणी अजून दोन रविवार लांब.

दाराशी मी मागे वळून विचारलं,
त्या लालची किंमत काय हो?
पायगुडे तुझ्याकडे बघून सांगायला लागले.
इकडे सांगा, म्हणाले.