गोळीबार चौकातलं कोटेशन

मंदाताई धकात्यांच्या मसाला-कांडपात
बोलायच्या आधी शिंकावं लागतं.
भिवापुरी मिरची ओळख विचारत नाही,
नाकात शिरते, मग बसा म्हणते.

मी बसले, पोत्यावर.
समोर गुळगुळीत कागदाचं कोटेशन,
त्यावर तेलकट अंगठ्याचा ठसा.
सही अजून नव्हती.

"पोरगा चांगला होता हो," ताई म्हणाल्या,
"मले मावशी म्हणे. दोनदा च्या पेला.
म्हणे बिल आपोआप निघते,
किती हळद उरली ते मोबाईलवर दिसते.
म्या म्हटलं, बापू, हळद तं मले
डब्बा हलवूनच समजते."

मी हसले नाही.
डबा हलवून समजणं हेही एक यंत्रच,
वार्षिक वर्गणी नसलेलं.
फक्त ते ताईंच्या मनगटात आहे,
मनगट एकसष्ट वर्षांचं आहे,
आणि दुपारी सून गल्ल्यावर असते तेव्हा
ते घरी झोपलेलं असतं.
म्हणून नको म्हणणं सोपं नाही.
हो म्हणणं तर मुळीच.

पान दुसरं, बारीक अक्षर:
पहिलं वर्ष फुकट.
या तीन शब्दांपाशी
मी पेन आडवं ठेवते.

गांधीबागेत बारापात्र्यांचा छापखाना होता.
मीच म्हटलं होतं, घ्या.
साडेचार वर्षं झकास चाललं,
मग एका सोमवारी कंपनीच उरली नाही.
आधी फोन नुसता वाजायचा, मग तोही नाही.
कुणाच्या मुलीची पत्रिका, कुठल्या मंडळाची पावती,
कुणाकडे किती बाकी,
सगळं आत.
बारापात्रे मला काही बोलले नाहीत.
तर्री-पोहे मागवले,
आणि अर्धी प्लेट झाल्यावर एवढंच विचारलं,
"मॅडम, आपल्याच घराची चाबी
आपण मागतली काहून नाही?"

ती तर्री अजून घशाखाली उतरलेली नाही.

तेव्हापासून माझ्या वहीत
किमतीचा प्रश्न चौथा येतो.
आधी: सोडायचं झालं तर?
माझी नावं, माझा हिशोब
कशात बांधून देणार?
आणि रविवारी बंद पडलं तर
फोन उचलणारा माणूस कुठल्या गावात बसतो?

पोराला फोन लावला, स्पीकरवर.
किमतीचं त्याने गाण्यासारखं सांगितलं.
सोडायचं विचारलं
तर पलीकडे पंख्याचा आवाज ऐकू आला.
"सरांना विचारून सांगतो."

गिरणीचा पट्टा फिरत राहिला.
ताई काही बोलल्या नाहीत,
पदराने नाक पुसलं, आणि स्वतःच
दुसरा नंबर लावला, कळमन्याच्या अडत्याचा.
हे मला माहीतच नव्हतं:
वर्षभर मिरची फक्त त्याच्याकडून घ्यायची,
किलोमागे सहा रुपये कमी,
आणि ताई परवाच हो म्हणून बसल्या होत्या.

"भाऊ, तुह्या गोदामात पाणी शिरलं
तं म्या कोणापासून घेऊ?
तवा दुसरा मले दारात उभी करन का?"

अडत्या बराच वेळ गप्प.
मग म्हणाला, "तुमाले कोण शिकवून रायलं, मंदाबाई?"
ताईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.
"शिंक आली," म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

अर्धी मिरची त्याची ठरली, अर्धी उमरेडच्या एका बाईची.
सहाचे तीन रुपये झाले.
ते तीन रुपये कुठे गेले
हे मी सुनेला समजावत बसले; तिला पटलं
की नाही, सांगता येत नाही.

सध्या एकशेचाळीस रुपयांचं रजिस्टर आहे.
सासू डबा हलवून सांगते, सून लिहिते,
तीन महिने. मग पाहू
यंत्राला नेमकं काय विचारायचं ते.

अकराव्या दिवशी पोराचा फोन आला.
सर म्हणाले, सगळं परत देता येईल,
पण तसं लेखी देता येणार नाही.

ताईंनी फळीवरचा एक डबा काढला,
फोनजवळ नेऊन हलवला.
"आयकू आलं का, बापू?"

काहीच वाजलं नाही.