झडतीची खोली

यंदापासून वर्षातून एक दिवस उघडणार म्हणे
तेरेखोलच्या काठावरची ही जुनी कस्टम्सची कचेरी.
नाव आधी नोंदवायचं, वीस-वीसचा जथा,
चपला बाहेर, पायांत निळ्या पिशव्या,
आणि भिंतींना हात लावायचा नाही.
आम्ही चालू लागलो की
पोहे चाळल्यासारखा आवाज येतो.

मारियेता, आर्किटेक्ट, कानामागे पेन्सिल,
चांगलं सांगते:
ही शिंपल्यांची तावदानं, ह्या चुन्यात गूळ,
ह्या काट्यावर मिठाची पोती चढायची,
काटा अजून हलतो, पण शून्यावर येत नाही,
सव्वातीन किलो कुणाचं तरी धरून बसलाय.
लोक हसतात. फोटो काढतात.
एक मुलगा विचारतो, इथं भूत आहे का?
ती म्हणते, कागद आहेत, वाळवीनं खाल्लेले.

मी विचारते, बायकांची झडती कुठं घ्यायचे?

ती नकाशा उलटसुलट करते.
त्या जागी नुसत्या आडव्या रेघा.
"तो भाग आजही बंद आहे. छत कच्चं आहे."

माझी शेवंती आत्या
सत्तावन-अठ्ठावन साली
आठवड्यातून दोनदा ही नदी ओलांडायची.
नाकेबंदी होती. इकडे बटाटा मिळेना,
तिकडे परदेशी मालाला भाव.
काय न्यायची ते घरात गमतीनं सांगायचे:
शिवणयंत्राच्या सुया, अंबाड्यात खोचून,
एका खेपेला दोनशे!
सगळे हसत. ती नाही.
ती उठून गुरांना पाणी दाखवायला जायची.
तिच्या केसांना कुणी हात लावलेला चालायचा नाही,
आईलासुद्धा.
शेवटच्या आजारपणात गुंता झाला
तेव्हा तिनंच कात्री मागितली.

जथा गोदामाकडं सरकला.
मागं राहिलेला रखवालदार, म्हातारा इनास,
हळूच म्हणाला, "पळोवपाचें आसा तुका?"
किल्ली त्याच्या खिशात नव्हती,
चौकटीवर होती.

आत काही नाही.
खरंच काही नाही.
नऊ खुंट्या,
हात पोचणार नाही इतकी उंच एक खिडकी,
आणि भिंतीत बसवलेला, पारा उडालेला आरसा,
कमरेइतक्या उंचीवर.
तोंड बघायचा नव्हे तो.

इनास उंबऱ्यावरच थांबला.
"म्हजी आवय हांगा कामाक आशिल्ली," म्हणाला.
बायकांना तपासायची.
घरी आली की आधी विहिरीवर हात धुवायची,
राखेनं, कोपरापर्यंत,
मग ह्यांना जेवायला वाढायची.
हा तेव्हा लहान. ह्याला वाटायचं,
आई कचेरीत मासळी साफ करते.

मला बोलता आलं असतं.
सुयांचं, किंवा कात्रीचं.
अंबाडा सोडताना त्या बोटांना टोचलं असेल
आणि बोटं गप्प राहिली असतील,
की टोचलं असेल आणि गप्प राहिली नसतील,
हे त्याला कुठून ठाऊक असणार?
मी म्हटलं, "खिडकी छान आहे."
तो म्हणाला, "व्हय, वारें येता."

वारा येत नव्हता.

बाहेर टेबलावर वही: नाव, गाव, भेटीचा उद्देश.
माझ्या आधीच्यानं लिहिलं होतं, वारसा.
त्याच्या खाली मी
वरीलप्रमाणेची दोन टिंबं दिली.

फाटकाशी कंत्राटी शिपाई, कोवळ्या मिशीचा,
प्रत्येकाची पिशवी उघडून बघत होता.
"फरशीचे तुकडे नेतात, मॅडम, काय करणार."
पाण्याची बाटली, छत्री, चष्म्याचं घर,
अर्धा पेरू.
"जावा," तो म्हणाला.

माझा हात तोवर
केसांतल्या पिनेशी पोचला होता.