उजळणी

हजेरीच्या कागदावर सही केली, वेळ लिहिली : नऊ पन्नास.
विट्याहून पहिली एसटी. तासगावात बसायला जागा मिळाली.
फोल्डर, एक पेन, पुडीत भडंग आणि एक केळं,
नावाच्या पट्टीची टाचणी काही केल्या पदराला धरत नाही.
सेवेची एकोणीस वर्षं. पुन्हा बाकावर.

सांगलीच्या त्या सभागृहाला खिडक्या दोनच,
त्यातून मार्केट यार्डाच्या हळदीचा वास येतो, जातो.
नदाफ मॅडम शिकवतात. माझ्या थोरलीच्या वयाच्या.
विचारलं, "सगळं ठीक होईल, हे आपण कोणासाठी म्हणतो?"
मिरजेचे हिंगमिरे सर, निवृत्तीला चार महिने उरलेले,
म्हणाले, "घड्याळासाठी, मॅडम.
बाहेर बाकड्यावर अजून तीसजणी असतात."
सगळे हसले.
मॅडमनी ते फळ्यावर लिहून ठेवलं : घड्याळासाठी.

जेवणानंतर जोड्या पाडल्या. एक समुपदेशक, एक रुग्ण.
माझ्या चिठ्ठीत : वय चौतीस. नवरा परगावी. झोप नाही.
एवढंच.
गाव मी दिलं तिला, लेंगरे.
नवऱ्याला सेलमला गलाईचं दुकान दिलं,
नवाकोरा तीनमजली बंगला, वरचे दोन मजले कुलपात,
खाली ती, सासू आणि न वापरलेला सोफा, प्लास्टिकसकट.
"फोन रोज येतो की," मी बोलत होते,
"जेवलीस का विचारत्यात. हो म्हणते.
पर रात्री वाटतं, वरच्या मजल्यावर कुणीतरी हाय.
मीच आसंन."

हे चिठ्ठीत नव्हतं.

हिंगमिरे सरांनी कागद पालथा ठेवला.
चष्मा काढला. मग अगदी साधं, पाणी हवं का विचारावं तसं :
"मरून जावं असं वाटतं का, ताई?"

विचारलं तर डोक्यात शिरतं,
असं मला माझ्या वरिष्ठांनी सांगितलं होतं
आणि मी माझ्यामागून आलेल्या पोरींना.
पण माझ्या छातीत काही शिरलं नाही.
उलट कुणीतरी आतून कडी काढली.
मी रडले. सरांना वाटलं, अभिनय चांगला करते.

मालन नाव होतं तिचं. बारा वर्षं झाली.
सोफ्याबद्दल तीच बोलली होती.
मी आहार विचारला, फिरायला जा म्हटलं,
सगळं ठीक होईल म्हटलं,
आणि भिंतीकडे पाहिलं. पावणेदोन.
केसपेपरवर पुढची तारीख माझ्याच अक्षरात आहे.
तिच्यापुढची ओळ कोरी.
पुढं काय झालं मला माहीत नाही.
मी कधी विचारलंही नाही.

प्रमाणपत्रावर लिहिलंय, सहा तास.
परतीच्या गाडीत फोल्डर मांडीवर,
बाहेर द्राक्षबागा, आत कंडक्टरची सुट्ट्या पैशांवरून कटकट.

गुरुवारी ओपीडीत खुर्ची फिरवून घेतली,
घड्याळ पाठीशी येईल अशी.
शिपाई म्हणाला, "मॅडम, पंखा लागणार नाही हं तिकडं."
असू दे.
समोरच्या बाईला विचारलं, ते साधं वाक्य.
जीभ अडखळली. तरी विचारलं.

ती बराच वेळ गप्प.
मग म्हशीबद्दल बोलू लागली.
दूध आटलंय, वासराला लावून घेत नाही.
मी पेन खाली ठेवलं.
"कधीपासून?" म्हटलं.